लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड नंतर बदलता येत नाही, हे खोक्यावर छापायला काय जातंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल आले, आता इंजिनिअरिंगच्या राउंड सुरू होतील आणि त्याच्या आगेमागे दर वर्षीसारखी आपल्या पेपरात पण लॅपटॉप खरेदीची पुरवणी येईल, पानपानभर जाहिराती येतील, म्हणून त्याच्या आधीच हे पत्र टाकतोय. मी सांगलीत लॅपटॉप रिपेअरिंग करतो. विक्री करत नाही, त्यामुळे कोणी कुठला घेतला यात माझा काडीचा फायदा-तोटा नाही. पण जून ते ऑगस्ट एकच प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की शेवटी म्हटलं एकदाच सगळ्यांना लिहून टाकावं.

प्रश्न असा असतो (३०५०, ४०६० हे एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांचे, म्हणजे गेममधलं चित्र तयार करणाऱ्या भागाचे नंबर, ४०६० हा जास्त ताकदीचा), "आत्ता ३०५० वाला घेतोय, बजेट तेवढंच आहे, दोनेक वर्षांनी पैसे आले की त्यात ४०६० टाकून द्याल ना?" वडील विचारतात, पोरगं शेजारी आशेने बघत उभं असतं. मी नाही म्हटलं की वडिलांना वाटतं मला काम येत नाही, कारण दुकानात त्यांना सांगितलेलं असतं की हा मॉडेल अपग्रेडेबल आहे. आणि गंमत म्हणजे दुकानदार पूर्ण खोटं पण बोललेला नसतो हो. रॅम वाढवता येते, एसएसडी म्हणजे डेटा साठवायची ड्राइव्ह मोठी टाकता येते, म्हणून तो अपग्रेडेबल म्हणतो, आणि गिऱ्हाईक ऐकतं की सगळंच बदलता येतं. कार्डाचं स्पष्ट असं कोणी विचारत नाही आणि कोणी आपणहून सांगत पण नाही, कारण सांगितलं तर गिऱ्हाईक एक तर महागातला घेणार किंवा विचार करतो म्हणून निघून जाणार.

तर उत्तर सरळ आहे. आज बाजारात मिळणारे जवळपास सगळे गेमिंग लॅपटॉप, कुठल्याही कंपनीचे घ्या, त्यांचं ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही. वाढवता पण येत नाही. मुळात लॅपटॉपमध्ये कार्ड असं काही नसतंच, आपण आपलं डेस्कटॉपच्या सवयीने कार्ड म्हणतो. डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर लांब स्लॉट असतो, त्यात कार्ड खोचायचं, स्क्रू लावायचा, पॉवर सप्लायची वायर जोडायची, झालं. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची नुसती चिप असते आणि ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, चिपच्या पोटाखाली शेकडो बारीक कथलाचे गोळे असतात, त्याला आमच्या धंद्यात बीजीए म्हणतात. तिच्या भोवती तिची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅमच्या चिपा, त्या पण सोल्डर. तिला करंट पुरवणारं सर्किट त्याच बोर्डवर, आणि ते तेवढ्याच वॅटच्या हिशोबाने बसवलेलं. वर तांब्याच्या हीट पाइप, त्या बहुतेक वेळा प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत मिळून, पंखे त्याच मापाचे, चार्जर त्याच मापाचा. म्हणजे डेस्कटॉप हे स्वतःच्या जागेतलं घर आहे, पैसे आले की वर एक मजला चढवा, आणि लॅपटॉप हा अपार्टमेंटमधला फ्लॅट आहे, भिंतीचा रंग बदला, फर्निचर बदला, पण बेडरूम वाढवायची म्हटली तर बिल्डिंगच पाडावी लागेल.

यावर थोडं वाचलेली पोरं लगेच एमएक्सएमचं नाव काढतात. बरोबर आहे त्यांचं, असं होतं एकेकाळी. एनव्हिडियाने २००४ मध्ये हे एमएक्सएम आणलं, लॅपटॉपसाठी छोटं वेगळं कार्ड, साधारण तळहाताएवढं, ते मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये तिरकं घालून स्क्रूने दाबायचं. एमएसआयचे जीटी सिरीजचे जाडजूड लॅपटॉप, क्लेव्हो कंपनीच्या बॉड्या, एलियनवेअर या डेलच्या गेमिंग ब्रँडचे जुने १७ इंची, असल्या मशीनमध्ये ते असायचं. डेलचे प्रिसिजन एम ६७००, एम ६८०० आणि एचपीचे झेडबुक १७ हे वर्कस्टेशनवाले पण त्याच जातीचे, कंपन्यांनी काढून टाकलेली ही मशीनं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि आपल्याकडे पण सेकंडहँडमध्ये अजून फिरताना दिसतात. तेव्हा तर इंटेलचा प्रोसेसर पण चौथ्या जनरेशनपर्यंत बऱ्याच लॅपटॉपमध्ये सॉकेटमधून काढता यायचा. सांगायचा मुद्दा, की त्या काळात पण हे काम कागदावर होतं तितकं सोपं नव्हतं. कार्डाचा आकार स्टँडर्ड, पण हीटसिंकचा, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचा आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे नवीन कार्डावरची मेमरी जुन्या हीटसिंकला टेकायचीच नाही. कधी बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, ते कार्ड ओळखायचा नाही, कधी ओळखलं तर पंखाच फिरायचा नाही, कधी कार्डावरची व्हीबायोस, म्हणजे त्याची स्वतःची बायोस, बदलून टाकावी लागायची. आणि कार्ड मिळायचं कुठे, तर ईबेवर, परदेशातून, वर कस्टम, आणि किंमत एवढी की तेवढ्यात दुसरा लॅपटॉपच यावा. नंतर लोकांना लॅपटॉप पातळ पाहिजे झाले, स्लॉट आणि वेगळ्या बोर्डाची जाडी कंपन्यांना परवडेना, आणि गेमिंगमधून एमएक्सएम गेलं ते गेलंच.

मग कोणी तरी एलियनवेअर एरिया-५१एमचं उदाहरण देतं, ते जरा सविस्तर सांगतो कारण या सगळ्या प्रकरणाची मजा त्यातच आहे. जानेवारी २०१९ मध्ये डेलने हा लॅपटॉप लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात दाखवला. प्रोसेसर डेस्कटॉपचा, सॉकेटमध्ये बसणारा, आणि ग्राफिक्ससाठी त्यांनी स्वतःचं नवीन कार्ड काढलं, डेल ग्राफिक्स फॉर्म फॅक्टर नावाचं. जाहिरातीचा सगळा भर यावर की हा लॅपटॉप अपग्रेड होतो. त्यात २०६०, २०७०, २०८० असे पर्याय होते आणि २०६० घेतलेल्याला पुढे २०८० पर्यंत जाता यायचं, इथपर्यंत ठीक. पण २०२० मध्ये एनव्हिडियाची सुपर नावाची पुढची कार्डं आली तेव्हा डेलने त्याच लॅपटॉपचा दुसरा अवतार काढला, आर२ म्हणून, आणि नवीन कार्ड नवीन लॅपटॉपला. पहिल्या गिऱ्हाइकांनी विचारलं आमचं काय, तर त्यांच्यासाठी त्या पिढीच्या पुढे रस्ताच नव्हता. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात यावरून डेलवर दावा दाखल झाला की तुम्ही अपग्रेडेबल म्हणून विकलंत आणि अपग्रेड होत नाही. आता बघा, एवढी मोठी कंपनी, स्लॉट पण दिला, कार्ड पण सुटं दिलं, जाहिरात पण केली, तरी दीड वर्षात गाडी अडकली. सुटं कार्ड दिलं म्हणजे झालं नाही, पुढे त्याच मापात नवीन कार्ड बनवत राहायला पण कोणी तरी पाहिजे, आणि ते बनवण्यात कंपनीला फायदा काय, तिला नवीन लॅपटॉप विकायचा असतो.

हे अजिबात होऊ शकत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, कारण अमेरिकेतल्या फ्रेमवर्क नावाच्या छोट्या कंपनीने ते करून दाखवलंय. त्यांचा फ्रेमवर्क लॅपटॉप १६ हा २०२४ च्या सुरुवातीला लोकांच्या हातात आला, त्याच्या मागच्या बाजूला ग्राफिक्सचं मॉड्यूल स्क्रूने निघतं, पंख्यासकट. म्हणजे नवीन चिपला लागेल तसं कूलिंग त्या मॉड्यूलसोबतच येतं, हीटसिंकची कटकटच मिटली. सुरुवातीला त्यात एएमडीचं रेडिऑन ७७००एस होतं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी एनव्हिडियाचं ५०७० मॉड्यूल जाहीर केलं जे पहिल्या गिऱ्हाइकांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये पण बसतं. एरिया-५१एमवाल्यांना जे मिळालं नाही ते यांनी दिलं. पण आपल्या इथल्या दुकानात जे मॉडेल मांडलेले असतात त्यात हा नसतो, आणि किंमत बघितली तर आमच्याकडे येणारा पालक ती बघून उठूनच जाईल. तेव्हा पोरांनी यूट्यूबवर याचा व्हिडिओ बघून आपल्या ६० हजाराच्या लॅपटॉपमध्ये पण असंच होईल असं धरू नये, एवढंच.

आता आमच्याच धंद्यातल्या लोकांबद्दल थोडं, त्यांना राग आला तर येऊ दे. काही ठिकाणी "चिप बदलून मोठी टाकून देतो" असं सांगून पैसे घेतले जातात. चिप बदलता येते हे खरं आहे. बीजीए मशीन असतं, खालून बोर्ड गरम करायचा, वरून चिपवर हीट द्यायची, कंपनीचं शिसं नसलेलं सोल्डर २१७ डिग्रीच्या आसपास वितळतं, मग चिप उचलायची, पॅड साफ करायचे, स्टेन्सिल लावून नवीन गोळे बसवायचे आणि परत चिकटवायची, याला रिबॉलिंग म्हणतात. हात बसलेला माणूस असेल तर होतं हे काम. पण ते मेलेल्या चिपच्या जागी तीच चिप टाकायला. ३०५० काढून तिथे ४०६० बसत नाही, गोळ्यांची मांडणी वेगळी, मेमरी वेगळी, व्होल्टेज वेगळं, बायोस वेगळी. चीनमध्ये काही कारागीर मेमरी चिपा बदलून डबल व्हीरॅम वगैरे करतात ते खरं आहे, त्यांचे व्हिडिओ मी पण तोंडात बोट घालून बघतो, पण ते त्यांच्या वर्कशॉपमध्ये, सुट्या पार्टांच्या ढिगाऱ्यात बसून करतात, त्यावर पोराच्या कॉलेजचा लॅपटॉप लावायचा नसतो.

आणि डिस्प्ले गेला, लाइनी आल्या की नुसती हीट मारून चालू करून देणारे जे आहेत त्यांच्यापासून तर लांबच राहा. ही सवय लागली २००८ च्या सुमारास, एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप चिपांच्या पॅकेजिंगमध्येच दोष निघाला होता, गरम-थंड होऊन होऊन आतले जोड तडकायचे, आणि जुलै २००८ मध्ये कंपनीने त्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हा हीट मारली की चिप काही दिवस जिवंत व्हायची. दोष चिपच्या आत, त्यामुळे बाहेरचे गोळे बदलून किंवा भाजून तो जात नसतो, तात्पुरतं चालतं, पैसे मिळतात, गिऱ्हाईक परत येतं तोवर दिलेली तोंडी गॅरंटी संपलेली असते.

एक्स्टर्नल कार्डाबद्दल पण विचारतात, म्हणजे बाहेर डबा ठेवायचा, त्यात डेस्कटॉपचं कार्ड, आणि केबलने लॅपटॉपला जोडायचं. चालतं हे, नक्की चालतं, पण अटी ऐका. लॅपटॉपला थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ हे वेगवान जोडणीचं पोर्ट पाहिजे, नुसता टाइप-सी असून भागत नाही, पोर्टच्या शेजारी थंडरबोल्टचं विजेसारखं छोटं चिन्ह आहे का बघा, स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये ते बहुतेक नसतंच. थंडरबोल्ट ३ मधून कार्डाला मिळणारा रस्ता हा आजच्या डेस्कटॉपच्या पूर्ण स्लॉटच्या साधारण आठवा हिस्सा किंवा त्याहून कमी रुंद, त्यामुळे कार्डाची ताकद काही तरी वाया जाणारच, आणि चित्र परत लॅपटॉपच्याच स्क्रीनवर आणलं तर अजून जाते, म्हणून बाहेर मॉनिटर पण पाहिजे. थंडरबोल्ट नसेल तर काही लोक एसएसडीचा एम.२ स्लॉट वापरून ऑक्युलिंक नावाच्या जोडणीची केबल बाहेर काढतात, तो रस्ता जास्त रुंद आहे, पण त्यासाठी खालचं कव्हर उघडं किंवा कापलेलं, एक एसएसडीचा स्लॉट गेला, आणि चालू लॅपटॉपला मध्येच लावता-काढता येत नाही. कार्ड, डबा, पॉवर सप्लाय, मॉनिटर, सगळ्याची बेरीज करा, तेवढ्यात बरा डेस्कटॉप उभा राहतो. आणि होस्टेलच्या कॉटवर हे सगळं मांडणार कुठे?

इतकं सगळं लिहायचं कारण असं की जर कार्ड बदलताच येत नसेल, तर घेताना जे आहे तेच लॅपटॉप मरेपर्यंत राहणार. म्हणजे घेताना नेमकं काय घेतोय ते कळलं पाहिजे. आणि खरी लपवाछपवी तिथेच आहे, माझी तक्रार कार्ड सोल्डर करण्याबद्दल कमी आणि याबद्दल जास्त आहे.

जाहिरातीत लिहिलेलं असतं आरटीएक्स ४०६०, ८ जीबी. बास. पण लॅपटॉपचा ४०६० हा एनव्हिडियाच्याच कागदानुसार ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला आहे. नाव तेच, स्टिकर तोच, आणि एकाला दुसऱ्याच्या तिप्पट वीज मिळते. अगदी कमी वॅटवर बांधलेला ४०६० हा पूर्ण वॅटच्या ४०५० च्या पण मागे पडू शकतो, म्हणजे वरचा आकडा बघून जास्त पैसे मोजले आणि खालच्यापेक्षा हळू चाललं. पूर्वी कमी वॅटच्या चिपच्या नावापुढे मॅक्स-क्यू लिहायचे, निदान जाणकाराला कळायचं. २०२१ च्या जानेवारीत ३० ने सुरू होणाऱ्या नंबरांची सिरीज लॅपटॉपमध्ये आली तेव्हा ती शेपटी पण काढून टाकली, मग बोंबाबोंब झाली आणि एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना सांगितलं की वेबसाइटवर वॅट लिहा. वेबसाइटवर, लक्षात घ्या, तिथे पण खाली खाली जाऊन बारीक अक्षरात. सांगली-मिरजेच्या दुकानात काउंटरवर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या पाटीवर तो आकडा कोण लिहितंय?

डेस्कटॉपशी नावाची बरोबरी हा तर वेगळाच विनोद आहे. डेस्कटॉपचा ४०९० म्हणजे १६,३८४ कोर (चिपमधले हिशोब करणारे बारीक भाग), २४ जीबी मेमरी, ४५० वॅट. लॅपटॉपचा ४०९० म्हणजे ९,७२८ कोर, १६ जीबी आणि साधारण १५० वॅट. आतली चिपच वेगळी, खालच्या मॉडेलची. बारसं मात्र एकाच नावाने केलेलं. पोरगं यूट्यूबवर डेस्कटॉपच्या कार्डाचे आकडे बघतं आणि लॅपटॉप घेऊन घरी येतं, मग माझ्याकडे येतं की यात काही तरी बिघाड आहे, एवढे एफपीएस, म्हणजे सेकंदाला एवढी चित्रं, येत नाहीत. बिघाड काही नसतो.

दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी एक युक्ती सांगून ठेवतो. लॅपटॉपच्या आधी चार्जर बघा. चार्जरवर आउटपुट लिहिलेलं असतं, व्होल्ट आणि अँपिअर, दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट. २० व्होल्ट आणि ११.५ अँपिअर असेल तर २३० वॅट. चार्जर जर १२०-१५० वॅटचा असेल तर आत प्रोसेसर, स्क्रीन, पंखे सगळं भागवून ग्राफिक्सला पूर्ण ११५ वॅट सतत मिळतील ही अपेक्षाच सोडा. डेमो पीस चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टिम इन्फॉर्मेशन उघडा, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर म्हणून आकडा दिसतो, त्याचा फोटो काढून घ्या. सेल्समन तोंड वाकडं करेल, करू दे. आणि तो कार्ड पुढे बदलता येतं असं म्हणाला तर गोड बोलून एवढंच म्हणा की बिलावर लिहून द्या. तिथेच विषय संपतो.

ज्यांनी आधीच घेऊन टाकलाय त्यांनी पण लगेच डोक्याला हात लावून बसू नये. आमच्याकडे स्लो म्हणून आलेल्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असते, कंपनीने पैसे वाचवायला टाकलेली, दुसरा स्लॉट रिकामा. तिथे जोडीची दुसरी पट्टी टाकली की ड्युअल चॅनेल होतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम काम करतात, आणि गेममध्ये फरक कळतो, खर्च कार्डाच्या मानाने काहीच नाही. फक्त रॅम सोल्डर केलेली नाही ना ते आधी बघा, पातळ मॉडेलमध्ये आता ती पण करायला लागलेत. दुसरं म्हणजे धूळ. पंख्याच्या पुढे तांब्याच्या पात्या असतात त्यात धुळीचा नमदा बसतो, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू होते, चिप तापते आणि स्वतःच स्पीड कमी करते, आणि गिऱ्हाईक म्हणतं कार्ड जुनं झालं, बदला. साफ करून पेस्ट बदलली की तेच कार्ड परत नीट पळतं. घरी उघडणाऱ्यांना एकच सांगणं, काही मॉडेलमध्ये पेस्टच्या जागी लिक्विड मेटल असतं, ते करंट वाहून नेतं, बोर्डवर सांडलं तर लॅपटॉप संपला, तेव्हा तसल्याला हात लावू नका. मक्स स्विच, म्हणजे स्क्रीन थेट ग्राफिक्स चिपला जोडायची सोय, असेल तर सेटिंगमध्ये जाऊन थेट ग्राफिक्स चिपवर टाका, अनेकांना तो आहे हेच माहीत नसतं. आणि ६५ वॅटच्या टाइप-सी चार्जरवर गेम खेळून कार्ड खराब आहे म्हणू नका, त्याचा जो मोठा विटेएवढा चार्जर आहे तो घेऊन फिरायला लाज कसली.

जाता जाता पालकांना एक. पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला सी आणि पायथन शिकायला आरटीएक्स काहीच लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मशीन लर्निंगला लागलं तर गूगल कोलॅबवर मर्यादित का होईना फुकट जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप, इंटरनेटवरून वापरायला मिळतो. पोराला गेम खेळायचे असतील तर तसं सरळ बोला आपसात, त्यात गैर काही नाही, पण कॉलेजला कम्पल्सरी आहे हे सांगून घेतलेले लॅपटॉप माझ्याकडे भरपूर येतात आणि त्यात व्हॅलोरंट हा गेम सोडून दुसरं काही टाकलेलं नसतं.

आता मूळ मागणी. आपल्याकडे पॅकबंद मालावर एमआरपी, बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता, ग्राहक तक्रारीचा नंबर हे सगळं छापणं कायद्याने सक्तीचं आहेच. त्याच लेबलवर दोन ओळी वाढवायला सांगा. एक, आतले कुठले पार्ट सोल्डर आहेत आणि कुठले निघतात, प्रोसेसर, ग्राफिक्स, रॅम, एसएसडी, वायफाय. दुसरी, ग्राफिक्स चिपला जास्तीत जास्त किती वॅट दिलेत. छपाईचा खर्च शून्य. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल पण काढलं, शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं धरली. मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल पण आला, पण त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून. लॅपटॉप मागेच राहिला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे दहापैकी गुण दाखवावे लागतात, आणि तिथे विकणाऱ्या कंपन्या त्याच आहेत ज्या इथे विकतात. तिथे छापता येतं तर इथे शाई संपते का यांची? आपल्या जिल्ह्यातल्या ग्राहक संघटनांनी हे उचलावं, आणि ज्यांची आधीच तोंडी फसवणूक झालीय त्यांनी निदान १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, फोन फुकट आहे.

आणि शेवटी आपल्याकडे, म्हणजे पेपरकडे. पुरवणीत लॅपटॉपचा जो तक्ता येतो त्यात प्रोसेसर, रॅम, एसएसडी, स्क्रीन, किंमत एवढेच रकाने असतात आणि ग्राफिक्सच्या रकान्यात नुसतं नाव असतं. त्या नावापुढे वॅटचा आकडा टाकायला कंपन्यांना विचारा, आणि ज्या कंपनीने दिला नाही तिच्या पुढे "माहिती दिली नाही" असं छापा. जाहिरातदार थोडे नाराज होतील याची कल्पना आहे. सगळ्या मॉडेलचे आकडे एकत्र गोळा करणं जड जाणार असेल तर कळवा, मी आणि इथले अजून दोन-तीन रिपेअरवाले मित्र मिळून तक्ता तपासून देऊ, मानधन नको, फक्त पुरवणी छापायच्या आधी आठवडाभर तरी पाठवा, आदल्या रात्री नको.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
लॅपटॉप रिपेअरवाला, सांगली